कुत्रा पाळावा कीं कुत्री?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वसतिगृहामागें रचलेल्या सरपणाखालीं एक गांवठी कुत्री व्याली. पिलें पांच, तीन नर व दोन माद्या. त्यांचे डोळे उघडून तीं सरपणाबाहेर दुडदुडूं लागतांच गांवांतून मागणी सुरू झाली. जो येई तो पिलूं उचलून प्रथम उताणें करून पाही, आणि नर आहे अशी खात्री पटली म्हणजे तें पिशवींत घालून चालता होई. आठ दिवसांत तिन्ही नर गेले. माद्यांपैकीं एक थंडीनें मेली आणि दुसरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आईच्या मागें एकटीच फिरत राहिली. पिलूं नेणाऱ्या एका शेतकरी गृहस्थांस आम्हीं विचारलें, "ही कां नको?" ते म्हणाले, "कुत्री नगं गुरुजी. दर साली पिलांचं लचांड कुणी सांभाळायचं?"

उत्तर खोटें नव्हतें, पण अर्धें होतें. धाराशिव जिल्ह्यांत काय किंवा इतरत्र काय, नर मागून नेणारा बहुतेक प्रत्येक मनुष्य हेंच अर्धें उत्तर देतो. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या भाषेनें ह्या प्राण्यास तिन्ही लिंगें दिलीं आहेत: तो कुत्रा, ती कुत्री, तें कुत्रें. शिवी द्यावयाची झाली म्हणजे मात्र स्त्रीलिंग हटकून आठवतें. वास्तविक आपल्या प्राचीन वाङ्मयांत नांवानिशीं येणारी सरमा ही मादीच होय. पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध इंद्रासाठीं तिनें लाविला, अशी ऋग्वेदांत कथा आहे. आणि महाभारताच्या आदिपर्वांत हीच सरमा, जनमेजयाच्या भावांनीं आपल्या पिलास निष्कारण मारलें म्हणून, भर सत्रांत जाऊन जाब विचारते. आमच्या जिल्ह्यांत अणदूर व नळदुर्ग येथें खंडोबाचें मोठें स्थान आहे. खंडोबाच्या टांकावर घोड्याच्या पायांशीं कुत्रें कोरलेलें असतें. तें नर कीं मादी, हें कोणी भक्त विचारीत नाहीं.

आतां राखणीकडे वळूं, कारण खेड्यांतील मनुष्य कुत्रें पाळतो तें मुख्यतः राखणीसाठीं. नर अंगानें मोठा असतो, हें खरें. दख्खनच्या प्रसिद्ध कारवानी जातींत नर मादीहून सुमारें दोन इंच उंच भरतो. गांवठी कुत्र्यांत फरक याहूनही कमी दिसतो. परंतु चोर जो घाबरतो तो भुंकण्यास, आणि भुंकण्याच्या कामांत मादी तसूभरही मागें नाहीं. आमच्या माळरानांवर अजून लांडगा आहे, आणि उस्मानाबादी शेळ्यांचे कळप राखणाऱ्यास त्याचा घोर असतो. अशा लोकांशीं बोलतांना आम्हांस असें दिसलें कीं, जें पिलूं लहानपणापासून शेळ्यामेंढ्यांत वाढलें तेंच कळपास आपलें मानतें. त्याच्या लिंगाचा प्रश्न फार मागून येतो. शिवाय नराची एक खोड राखणीच्या मुळावरच येते. भाद्रपद लागला कीं तो घर सोडतो. दोन-दोन दिवस त्याचा पत्ता नसतो, आणि परत येतो तो कान फाटून, पाय लंगडत. ज्या रात्रीं राखण हवी त्या रात्रीं राखणदार शेजारच्या शिवारांत असतो!

भाद्रपदाचा उल्लेख आला, तर तो विषयच येथें नीट सांगून टाकूं. वाचकांत लहान मुलें आहेत. पण शेळ्या-गाईंमध्यें वाढणाऱ्या मुलांस ह्यांत नवें असें कांहीं नाहीं, आणि शहरांतील मुलांस तें कोणीतरी सांगितलेंच पाहिजे. मादी साधारणतः सहा महिने ते एक वर्ष ह्या वयांत प्रथम माजावर येते. थोराड जातींच्या माद्यांस याहूनही अधिक काळ लागतो. माज सुमारें तीन आठवडे टिकतो. आरंभीं रक्तस्राव होतो, आणि तो कमी होऊं लागतो तेच दिवस गर्भधारणेचे असतात. पुष्कळ लोक रक्त थांबलें म्हणून कुत्रीस मोकळी सोडतात, आणि नेमकें तेव्हांच व्हावयाचें तें होतें. घरांत पोसलेली कुत्री सहा-सात महिन्यांनीं पुन्हां माजावर येते. गांवांतील मोकळ्या कुत्र्यांचा हंगाम मात्र बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धांत असतो. गर्भ सुमारें ६३ दिवसांचा. भाद्रपदांत हे दिवस मिळविले म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष येतात. ऐन थंडींत गल्लोगल्लीं पिलें कां दिसतात, याचें कारण मुलांच्या ध्यानांत आलेंच असेल.

ह्या तीन आठवड्यांत मादीच्या धन्यास खरोखर त्रास असतो. तिच्या वासानें दूरदूरचे नर दारापुढें येऊन बसतात, रात्रभर भांडतात, कुंपण उकरतात. मादीस नुसती दाव्यानें बांधून भागत नाहीं. बांधलेल्या मादीपर्यंत नर पोंचतोच. तिला बंद खोलींतच ठेवावें लागतें आणि बाहेर काढणें तें आपल्या डोळ्यांदेखत. ज्याच्या घरास एकच खोली व अंगणास कुंपण नाहीं, त्यानें शस्त्रक्रिया न केलेली मादी पाळूं नये, असें आम्हीही म्हणूं.

परंतु नर पाळणाऱ्याचें काय? तो म्हणतो, आमच्या घरीं पिलांचा उपद्रव नाहीं. बरोबर आहे, त्याच्या घरीं नाहीं. त्याच्या नराचीं पिलें दुसऱ्याच्या गोठ्यांत, उकिरड्यावर, किंवा एखाद्या वसतिगृहाच्या सरपणाखालीं जन्मास येतात. ज्या पांच पिलांची हकीकत आम्हीं आरंभीं सांगितली त्यांचा बाप कोणाच्या तरी दारचा राखणदार असेल, आणि त्याचा धनी आजही निश्चिंतपणें सांगत असेल कीं आम्हीं मुद्दाम नरच पाळला आहे! नर घेतल्यानें पिलें टळत नाहींत. तीं फक्त डोळ्यांआड होतात.

थोडें गणित करूं. एक मादी आठ वर्षें जगली व सात वेळां व्याली, प्रत्येक खेपेस पांच पिलें धरलीं, तर पस्तीस होतात. एका वस्तीवर कुत्रें हवें असलेलीं पस्तीस घरें कोठून आणावीं? मग उरलेल्यांचें काय होतें, तें सर्वांस ठाऊक आहे. पोत्यांत घालून वेशीबाहेर, बाजाराच्या दिवशीं गर्दींत, नाहींतर विहिरींत. आणि त्यांत माद्या अधिक. पश्चिम बंगालमध्यें मोकळ्या कुत्र्यांच्या पिलांवर नजर ठेवून अभ्यासकांनीं २०१६ मध्यें जो निष्कर्ष प्रसिद्ध केला त्याप्रमाणें १०० पिलांतील सुमारें १९ च सात महिन्यांचीं होईपर्यंत जगलीं, आणि मेलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या मरणास मनुष्य कारण होता. पिलूं उताणें करून मादी दिसतांच खालीं ठेवणारे हात पाहून आमच्या मनांत आणखीही एक विचार आला. परंतु तो कुत्र्यांविषयींचा नसल्यामुळें येथें लिहीत नाहीं. पालक तो ओळखतीलच.

यावर उपाय एकच, आणि तो दोहोंसही लागू आहे. नराचें वृषण काढण्याची शस्त्रक्रिया लहान आहे. मादीची मोठी, तिचें पोट उघडून अंडाशय, व बहुधा गर्भाशयही, काढावें लागतें, म्हणून खर्च अधिक व टांके भरेपर्यंत सुमारें दहा दिवस जपावें लागतें. सहा महिन्यांच्या पुढें, पशुवैद्य सांगतील त्या वयांत ती करावी. माज चालू असतां शक्यतों करूं नये. ह्या शस्त्रक्रियेस आमच्याकडे पुष्कळ लोक पाप मानतात. याचें आम्हांस नवल वाटतें. कारण तेच लोक गोऱ्हा औतास धरण्यापूर्वीं खच्ची करतांना पंचांग पाहत नाहींत. कुत्र्यास गुंगीचें औषध देऊन वैद्य जें करतो तें त्या मानानें पुष्कळच सुखाचें आहे.

राखणीची वृत्ति यानें जात नाहीं. नराचें भटकणें व जागोजाग पाय वर करणें बरेंच कमी होतें. अगदींच नाहींसें होईल असें नाहीं, विशेषतः संवय जुनी झाली असल्यास. ज्यांच्या ओसरीवर ज्वारीचीं पोतीं रचलेलीं असतात त्यांस ह्या गोष्टीचें महत्त्व सांगावयास नको. मादीस लाभ याहून मोठा होतो. शस्त्रक्रिया न झालेल्या प्रौढ माद्यांच्या गर्भाशयांत पू होण्याचा एक घातक रोग आहे. माजानंतर कांहीं आठवड्यांनीं मादी फार पाणी पिऊं लागली, अन्न सोडूं लागली व सुस्त पडली, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. गर्भाशय व अंडाशय काढलेल्या मादीस हा रोग सहसा होत नाहीं, आणि लहान वयांत शस्त्रक्रिया झाल्यास स्तनांच्या गांठींचें भयही पुष्कळ कमी होतें. भटकणाऱ्या कुत्र्यांत समागमानें पसरणारी गांठ नरास व मादीस सारखीच होते. तिच्यापासूनही बचाव होतो. शस्त्रक्रियेनंतर कुत्रें लठ्ठ होतें अशी तक्रार ऐकूं येते, व तींत तथ्य आहे. भाकरी थोडी कमी घालावी.

२०२३ च्या नियमांप्रमाणें भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हें काम स्थानिक स्वराज्यसंस्थांचें आहे. घरच्या कुत्र्याचें तेंच काम धन्याचें. लशीचा विषय निघाला म्हणून सांगतों, पिसाळण्याच्या रोगास नर-मादी हा भेद ठाऊक नाहीं. पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं पहिली लस टोंचावी, आणि पुढें वैद्य सांगतील त्याप्रमाणें दर वर्षीं. कोणतेंही कुत्रें चावलें तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून तडक रुग्णालयांत जावें. मुलांनीं मार बसेल ह्या भीतीनें चावा लपवूं नये.

स्वभावाविषयीं लोक फार ठासून बोलतात. मादी मायाळू, नर इमानी. किंवा याच्या अगदीं उलट. तोक्योच्या शिबुया स्टेशनावर मृत धन्याची १९२५ पासून १९३५ पर्यंत वाट पाहणारा हाचिको नर होता. उलट सोविएत शास्त्रज्ञांनीं पृथ्वीप्रदक्षिणेच्या आरंभींच्या प्रयोगांसाठीं मुद्दाम माद्या निवडल्या. कारण पाय वर करण्याइतकी जागा त्या यानांत नव्हती. ३ नोव्हेंबर १९५७ रोजीं गेलेली लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री. ती परत आली नाहीं. तिला परत आणण्याची योजनाच नव्हती, ही गोष्ट आम्हांस आजही बोचते. १९ ऑगस्ट १९६० रोजीं निघालेल्या बेल्का व स्त्रेल्का दुसऱ्या दिवशीं सुखरूप उतरल्या. स्त्रेल्केस पुढें सहा पिलें झालीं, आणि त्यांतील पुशिंका नांवाची मादी १९६१ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरीं भेट म्हणून पाठविण्यांत आली. तिला कोणी उताणी करून परत ठेविलें नाहीं.

ज्यास पिलूं निवडावयाचें आहे त्यानें आधीं त्याची आई पाहावी. ती माणसांस भिऊन पळणारी किंवा अंगावर येणारी असेल तर पिलांतही तो गुण उतरण्याचा संभव असतो. नंतर पिलूं हाक मारल्यावर जवळ येतें काय, हातांत धरलें असतां थोडें धडपडून शांत होतें काय, हें पाहावें. आठ आठवड्यांच्या आंत तें आईपासून तोडूं नये. आमच्या सरपणाखालचीं पिलें याहून पुष्कळ आधीं गेलीं आणि आम्हीं तें होऊं दिलें, ही आमची चूक होय. घरांत आधींच एक कुत्रें असल्यास दुसरें विरुद्ध लिंगाचें घेणें बरें; दोन माद्यांचें वैर एकदां जडलें म्हणजे लवकर सुटत नाहीं. अर्थात् अशा वेळीं दोघांचीही शस्त्रक्रिया आधीं झालेली हवी. इतकें पाहिल्यावर जें पिलूं मनांत भरेल तें घ्यावें.

ती ठिपक्याची मादी वसतिगृहाच्या मुलांनीं ठेवून घेतली आहे. तिचें नांव अर्थातच ठिपकी. येत्या ज्येष्ठांत ती सहा महिन्यांची होईल. तिला व तिच्या आईस एकाच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेण्याचें ठरलें असून मुलांनीं वर्गणी जमविली आहे. जीप मिळण्याची तेवढी वाट आहे. नर घेऊन गेलेल्या त्या गृहस्थांसही आम्हीं निरोप धाडला आहे कीं, गाडींत जागा आहे, तुमचाही घेऊन या. त्यांचें उत्तर अजून आलेलें नाहीं.