बर्डी ते बुटीबोरी : वर्धा रोड

नागपूर दक्षिणेकडे कसं वाढत गेलं, हे पाहायचं असेल तर बर्डीहून बुटीबोरीपर्यंतचे पंचवीस-तीस किलोमीटर सावकाश जावं. हा रस्ता आधी हमरस्ता होता, शहर त्याच्या काठाने नंतर आलं. वाराणसी-कन्याकुमारी हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ इथूनच जायचा. आता त्याचा इथला भाग श्रीनगर ते कन्याकुमारी अशा ४४ क्रमांकात सामावला आहे.

सुरुवातीलाच सीताबर्डीची टेकडी आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकार यांची लढाई इथे झाली आणि नागपूरकरांचं राज्य खऱ्या अर्थाने गेलं. जवळच झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब आहे. हैदराबाद, जबलपूर, शिवनी किती मैल, हे त्यावर कोरलेलं आहे.

त्याच परिसरात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून हिवाळी अधिवेशनावर त्यांचा मोर्चा आला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. मृतांमध्ये बायका आणि मुलंच जास्त होती. बर्डीच्या उड्डाणपुलाला आज ‘आदिवासी गोवारी शहीद’ असं नाव आहे. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला त्या नावामागची ही हकिगत ठाऊक असायला हवी. शाळेत ती सांगितली गेली पाहिजे.

पुढे धंतोलीतले दवाखाने, मग काँग्रेसनगर. १९२० च्या डिसेंबरात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब करणारं अधिवेशन नागपुरात भरलं, त्याची ही खूण. मग रहाटे कॉलनी, मध्यवर्ती कारागृह आणि अजनी.

अजनीपासून रस्ता तीन मजली होतो. खाली जुना रस्ता, त्यावर महामार्गाचा पूल, सर्वांत वर मेट्रो, आणि हा सगळा भार खांबांच्या एकाच रांगेवर. अशी रचना करायचं कारण सरळ आहे. दोन्ही बाजूंना दाट वस्ती, त्यामुळे पुलाला एक आणि मेट्रोला दुसरी अशी खांबांची रांग उभारायला जागाच नव्हती. यासाठी छत्रपती चौकातला आधीचा उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडावा लागला. ३.१४ किलोमीटरचा हा डबल डेकर पूल नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला आणि २०२२ मध्ये गिनेस बुकात गेला. छत्रपती चौक, जयप्रकाशनगर आणि उज्ज्वलनगर ही तीन स्टेशनंही याच रचनेत बसवली आहेत. अभियंत्यांचं हे काम अभिमान वाटावा असंच आहे. पण असा रस्ता जोखायचा तो तळमजल्यावर. भाजीची पिशवी घेऊन सोमलवाड्याकडून पलीकडे जाणाऱ्या आजीला सिग्नलचा वेळ पुरतो का? माझ्या मते रस्त्याच्या यशाचं खरं माप तेच.

सोनेगावच्या विमानतळाचं एक जुनं वैभव आहे. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपाल विमानं मध्यरात्री इथे उतरायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परतायची. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका नेमका उपयोग त्यानंतर क्वचितच झाला. विमानतळालगतच्या मिहान या मालवाहतूक-उद्योग प्रकल्पाची कल्पनाही त्याच भूगोलावर उभी आहे.

खापरीनंतर जामठ्याचं स्टेडियम लागतं. सौरव गांगुली २००८ मध्ये आपली शेवटची कसोटी इथेच खेळला. मग बुटीबोरीची एमआयडीसी. इथे वर्ध्याची वाट महामार्ग सोडून वेगळी होते. ट्रक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातात.

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्यात मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतचा मार्ग आहे. पाळी संपवून निघालेला कामगार मे महिन्याच्या उन्हात कारखान्याच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत पायीच जाणार. त्याच्यासाठी झाडांच्या सावलीतला फुटपाथ खांबांच्या आराखड्याबरोबरच आखला पाहिजे, आणि झाडं आजच लावायला घेतली पाहिजेत.