पन्नास पौंड कमी का?

हिनो कंपनी अमेरिकेत २६८ नावाचा एक ट्रक वर्षानुवर्षं विकत असे. त्याचं मालासकट मान्य एकूण वजन, म्हणजे आपल्याकडचे ट्रकवाले ज्याला पासिंग म्हणतात ते, होतं २५,९५० पौंड. किलोत सांगायचं तर ११,७७१. आकडा विचित्रच. पोलाद, स्प्रिंगा आणि ब्रेक यांचा हिशेब मांडता मांडता तो निघालेला नाही, तो ठरवून ठेवलेला आहे. अमेरिकेत पासिंग २६,००१ पौंड झालं की ‘सीडीएल’ हा व्यावसायिक चालकाचा परवाना सक्तीचा होतो. त्याच्या आतला ट्रक साध्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येतो. हिनो त्या रेघेच्या पन्नास पौंड अलीकडे थांबली. इतर ट्रकांच्या जाहिरातींत २५,९९९ हाही आकडा सर्रास दिसतो.

कागदावरची एक रेघ कारखान्यातल्या यंत्राला आकार देते, हे पहिल्यांदा कळलं की रस्त्यावरच्या त्या चौकोनी, बंद पेटीच्या ट्रकांकडे बघायची नजरच पालटते. आणि निकडीचा माल वाहणाऱ्यांच्या जगात अशी रेघ एकच नसते.

हे जगही बघण्यासारखं आहे. मोटारीच्या कारखान्यात एक सुटा भाग कमी पडला की अख्खी असेंब्ली लाइन थांबते. सुटे भाग साठवून न ठेवता लागतील तसे मागवायची पद्धत रुजल्यापासून हा धोका रोजचाच. साध्या भाड्याने पाठवलेला थोडका माल एका गोदामात उतरतो, दुसऱ्या ट्रकमध्ये चढतो, पुन्हा उतरतो. निकडीचा माल ज्या ट्रकमध्ये चढला त्याच ट्रकमधून शेवटच्या दारात उतरतो. हा ट्रक इतरांहून जोरात धावत नाही. वेग येतो तो मध्ये कुठेच न थांबण्यातून. ओहायोतल्या अॅक्रनची रॉबर्ट्स एक्सप्रेस ही या धंद्यातली जुनी कंपनी. तिच्या मालक कंपनीसकट १९९८मध्ये ती फेडेक्सकडे गेली आणि आज फेडेक्स कस्टम क्रिटिकल या नावाने चालते. अशा कंपन्यांकडे येणारे पुष्कळ चालक स्वतःचा ट्रक घेऊन येतात. म्हणजे ट्रक कोणता घ्यायचा हा निर्णय त्यांचा, आणि त्यात अडकणारे पैसेही त्यांचेच.

दुसरी रेघ आहे १०,००० पौंडांची, सुमारे साडेचार टनांची. त्यापुढे गेलात की राज्याबाहेरच्या वाहतुकीसाठी डॉक्टरी दाखला लागतो आणि गाडी चालवायच्या तासांवर मर्यादा येते. म्हणूनच मर्सिडीजची स्प्रिंटर व्हॅन ९,९९० पौंडांच्या पासिंगमध्येही मिळते. सहसा तिच्या चालकाला तासांचा केंद्रीय नियम लागत नाही. पण या सुटीसाठी म्हणून कुणी व्हॅन घेऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. कायदा तास मोजत नाही म्हणून पहाटे तीनची पेंग टळत नाही.

आता वजनाचा हिशेब. सव्वीस फुटी पेटी, पूर्ण टाकी, चालक आणि मागचं, माल वर उचलणारं लिफ्टगेट धरलं तर २६,००० पौंडांच्या ट्रकमध्ये मालासाठी उरतात साधारण १०,००० पौंड. अमेरिकेतलं ठरलेलं पॅलेट ४८ बाय ४० इंचांचं. दोन रांगांत लावली तर पेटीत बारा मावतात. भागाकार केला की एका पॅलेटच्या वाट्याला चारशे किलोही येत नाहीत! हलकी खोकी असतील तर ठीक. ओतीव लोखंडाची, आठशे-आठशे किलोंची पॅलेट असतील तर पाच चढवली की वजन संपतं आणि अर्ध्याहून जास्त पेटी रिकामी धावते. लांबी बघून ट्रक घेणारे इथेच फसतात. घेण्याआधी तो टाकी भरून, स्वतः चालकाच्या जागेवर बसून काट्यावर घालावा आणि पासिंगमधून ते वजन वजा करावं. जाहिरातीतल्या आकड्यावर विसंबू नये.

मला सगळ्यात अचंबा वाटतो तो पेटीच्या तळाच्या फळीच्या उंचीचा. अमेरिकेतल्या गोदामांचे माल चढवायचे धक्के बहुतेक ४८ ते ५२ इंच उंच असतात, कारण ते लांब ट्रेलरच्या मापाने बांधलेले आहेत. ट्रकची फळी त्याच पातळीला आली तर फोर्कलिफ्ट सरळ आत शिरतो. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या छोट्या पेटीची फळी खूप खाली राहते, आणि मधला उतार फोर्कलिफ्टला झेपत नाही. मोठ्या ट्रकला साडेबावीस इंची चाकं असतील तर फळी धक्क्याला जुळते. साडेएकोणीस इंची चाकं लावली तर ती काही इंच खाली बसते. टायरचं माप ठरवतं की कुठल्या गोदामाचा माल तुम्हाला मिळेल. मागचं दारही असंच. गुंडाळून वर जाणारं शटर धक्क्याला लागल्यावरही उघडता येतं, पण वरची काही इंच उंची खातं. दोन पाखांचं दार पूर्ण उंची देतं, मात्र मागे घेण्याआधी उतरून ते उघडावं लागतं.

उंचीचा उलटा धडा नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅममध्ये मिळतो. तिथल्या रेल्वेपुलाखालची जागा होती ११ फूट ८ इंच. भाड्याच्या बॉक्स ट्रकांची टपरं तिथे इतक्यांदा सोलून निघाली की त्यांची चित्रफीत जगभर पाहिली गेली. २०१९मध्ये पूल आठ इंचांनी उचलला. त्यानंतरही ट्रक आपटतच राहिले.

इंजिनाबद्दल मी थोडक्यातच सांगतो: ते डिझेलवर चालो की पेट्रोलवर, ज्याचा मेकॅनिक रात्री-अपरात्री, परमुलखात सापडेल ते घ्यावं.

खरा निर्णय मात्र झोपेवर होतो. टेक्सासच्या सीमेवरचं लारेडो ते डेट्रॉइट हे अंतर सुमारे २,६०० किलोमीटर. मेक्सिकोत बनलेले मोटारींचे भाग याच दिशेने येतात. ताशी सरासरी नव्वद धरले तर एकोणतीस तासांचं चालवणं. नियम असा की अकरा तास चालवलं की सलग दहा तास विश्रांती. एकटा चालक वाटेत दोनदा थांबणार, म्हणजे एकोणपन्नास तास. दोघं आळीपाळीने चालवत असतील, आणि या धंद्यात पुष्कळदा ती नवरा-बायकोची जोडी असते, तर एक झोपतो आणि ट्रक धावत राहतो. तेच अंतर तीसेक तासांत कापलं जातं. कारखान्याच्या मालकाला हाच फरक विकत घ्यायचा असतो.

पण चालत्या ट्रकमधली झोप नियमात विश्रांती म्हणून धरायची तर केबिनमागे मापाचा बिछाना लागतो: किमान ७५ इंच लांब, २४ इंच रुंद, आणि वर २४ इंच मोकळी जागा. रोज तिथेच राहायचं तर एवढ्यात भागत नाही. जोड्या त्याहून कितीतरी मोठा स्लीपर बांधून घेतात. त्याचं वजन मालाच्या वजनातून जातं. २६,००० पौंडांत मग पेटी आखूड करा किंवा माल कमी घ्या. म्हणूनच लांब पल्ल्याच्या जोड्या बहुधा सरळ सीडीएल काढतात आणि ३३,००० पौंडांचा ट्रक घेतात. एकटे चालक, ज्यांची धाव ओहायो-मिशिगनच्या आसपास आहे आणि जे रात्री घरी पोचतात, त्यांना इसुझूच्या एनपीआरसारखा इंजिनावर केबिन असलेला, सोळा फुटी पेटीचा, आखूड वळणारा ट्रक पुरतो. मधला, स्लीपरशिवायचा सव्वीस फुटी ट्रक एकट्याने लांब पल्ल्याला नेणाऱ्याने मोटेलच्या रात्रींचा खर्च भाड्यात आधीच धरून ठेवावा.