ट्रॉली ओढण्यासाठी जुना ट्रॅक्टर घेताना

बैलांच्या बाजारात गेलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांदा चाचपतो आणि ओढ पाहिल्यावाचून इसार देत नाही. तोच शेतकरी जुना ट्रॅक्टर घेण्यास निघाला म्हणजे मात्र नवा रंग आणि धडाडून चालणारे इंजिन एवढ्यावरच भुलतो, असे पुष्कळदा आढळून येते. वास्तविक बैलजोडीच्या कितीतरी पट रक्कम येथे गुंतलेली असते, ती बहुधा कर्जाऊ असते, आणि भर हंगामात ट्रॅक्टर पाणंदीत बसला म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील खरेदीदारास चार गोष्टी आधीच समजावून देणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न ट्रॅक्टरचा नसून कामाचा आहे. वर्षाकाठी बहुतेक तास नांगरट व पाळीत जाणार की ऊस, खत, चारा वाहण्यात, हे आधी ठरवावे. ट्रॉलीच मुख्य काम असेल तर अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा ट्रॅक्टरचे वजन आणि त्याचे ब्रेक यांकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. हे थोडे विचित्र वाटेल, म्हणून हिशेब करून दाखवितो.

ट्रॅक्टर २ टन आणि चारचाकी ट्रॉली मालासह ६ टन, असे एकूण ८ टन वजन धरू. बऱ्यापैकी सपाट रस्त्यावर ते नुसते चालते ठेवण्यास वजनाच्या शेकडा ३ च्या सुमारास, म्हणजे २४० किलो ओढ लागते. वीस फुटांस एक फूट असा चढ लागला की आणखी ४०० किलो ओढ हवी. एकूण ६४० किलो. ही ओढ ताशी १० किलोमीटर वेगाने द्यावयाची तर चाकांपाशी सुमारे २४ अश्वशक्ती लागते, ताशी १५ किलोमीटर वेगाने ३६. याचा अर्थ मध्यम शक्तीचा ट्रॅक्टरही खालच्या गिअरमध्ये हे काम करतो, फक्त सावकाश करतो. पण मागच्या चाकांवर पुरेसे वजन नसेल तर ओल्या पाणंदीत तीच चाके जागच्या जागी फिरतात, आणि तेथे इंजिनाची जादा शक्ती काहीच उपयोगी पडत नाही.

विकणारा सांगतो ती अश्वशक्ती इंजिनाची असते, पी.टी.ओ.पाशी ती कमी भरते व ओढीसाठी त्याहूनही कमी उरते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालांत त्या त्या मॉडेलची पी.टी.ओ. शक्ती व ओढीची क्षमता दिलेली असते. मॉडेल ठरले की तो अहवाल पाहून घ्यावा. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. त्यानंतरचे असे यंत्र घेताना त्याची दुरुस्ती जाणणारा मिस्त्री जवळपास आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

आता ब्रेकांचा विचार. ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणतः मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि आपल्याकडील पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. मागच्या चाकांवर १,३०० किलो वजन धरले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ती फार तर ७८० किलोच्या आसपास रोध देतील. मोकळा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगावरून सुमारे ४ मीटरांत थांबेल. वर सांगितलेली ८ टनांची गाडी सपाटीवर १२ मीटर घेईल, वीसास एक उतारावर २० मीटर, आणि तोच उतार सैल मुरमाचा असेल तर ४० मीटरांच्याही पुढे जाईल. यांत चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचे अंतर धरलेले नाही. शिवाय उतारावर मागून रेटणारी ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे लोटते, आणि मग तो उलटण्यास वेळ लागत नाही. म्हणून शक्य तेथे तेलात बुडालेले ब्रेक असलेला ट्रॅक्टर पसंत करावा, ब्रेक असलेली ट्रॉली घ्यावी, आणि दोन्ही ब्रेक-पायट्या जोडणारी कडी शाबूत आहे याची खातरजमा करावी. शेतात वळण्यासाठी ती सोडतात; रस्त्यावर ती लावलेलीच असली पाहिजे, नाही तर एकच चाक धरले जाते. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांवर ही कडी हरवलेली असते आणि कोणी तिची चौकशीही करीत नाही!

तपासणीस जाताना सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करू नका असे मालकास कळवावे. थंड इंजिन किती फिरविल्यावर लागते यावरून बरेच काही कळते. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन तेल जाळीत आहे. ओझ्याखाली दाट काळा धूर येत असेल तर डिझेल पंप, नोझल किंवा एअर क्लीनर तपासावा. इंजिनाचे तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरत आहे, असा सौदा सोडून देणे बरे. तास दाखविणाऱ्या मीटरवर एकट्यावर विसंबू नये, कारण त्याची केबल काढून ठेवणे कठीण नाही. क्लचच्या पायटीचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले पायदान आणि सुकाणूचे चाक यांची साक्ष अधिक खरी.

ऊसवाहतुकीत वापरलेल्या ट्रॅक्टरच्या खुणा निराळ्या असतात. त्याचे टायर गोठे झिजून सपाट झालेले, हुकाचे भोक लांबट झालेले, आणि क्लच थकलेला असतो. क्लचसाठी सोपी कसोटी अशी: मोकळ्या जागी, समोर कोणी नाही असे पाहून, ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो. चालूच राहिले तर घसरतो. पुष्कळ ट्रॅक्टरांना निराळी चौकट नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी व मागचा भाग एकमेकांस बोल्टांनी जोडलेले असतात, आणि जड ओझ्याचे सारे हिसके हे जोडच सोसतात. तेथे वेल्डिंग, भेग किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर खुलासा मागावा. शेवटी भरलेली ट्रॉली जोडून चढ व उतार दोन्ही करावे. ओझ्याखाली गिअर आपोआप सुटत असेल तर तो घाटात चालकाचा जीव घेईल. मालक ट्रॉली जोडून दाखविण्यास राजी नसेल तर दुसरा ट्रॅक्टर पाहावा.

कागदपत्रांत आळस करू नये. आर.सी. बुकावरील इंजिन व चासी क्रमांक यंत्रावर स्वतः वाचून ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरविल्याचे फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचे पत्र मिळाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म २९ व ३० वर दोघांच्या सह्या होऊन नाव बदलून घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत कळवावयाचे असते. परराज्यातील ट्रॅक्टर असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणून जुन्या यंत्राची मुदत किती उरली तेही पाहावे. ट्रॉलीची नोंदणी निराळी असते, आणि तिचा विमा आहे की नाही हे स्वतंत्रपणे वाचावे. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने विटा वा वाळू वाहिली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो. ट्रॉलीत माणसे बसविण्याची तर गोष्टच नको.

ट्रॅक्टर घरी आला की पहिल्या दिवशी तेल व फिल्टर बदलावेत, हुकाची पिन नवी घालून तिला सुरक्षा-खिळी लावावी, आणि ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक बसवावेत. ट्रॉली नेहमी खालच्या हुकासच जोडावी. उंच जागी, वरच्या दुव्याच्या ठिकाणी साखळी बांधून ओढल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. उतरताना ज्या गिअरात चढ चढला त्याच गिअरात उतरावे, आणि उतारावर गिअर कधीही मोकळा सोडू नये.