ट्रॉलीचे चाक बदलताना घ्यावयाची काळजी

संत्र्याचा आंबिया बहार उतरू लागला की आपल्या सावरगाव-पांढुर्णा भागात ट्रॅक्टर-ट्रॉलीला विसावा नसतो. बगीच्यातला माल पांदणीने डांबरी रस्त्यावर आणायचा आणि मंडीत पोचवायचा. त्याच दिवसांत कापूसही घरी यायचा असतो. पांदणीतले दगड आणि बाभळीचे काटे यांमुळे पंक्चर ही नित्याची बाब होऊन बसते. चाक काढणे-बसवणे हे काम घरोघरी होते, म्हणून ते सोपे वाटते. परंतु त्यात दोन मोठे धोके आहेत. जॅकवरची ट्रॉली घसरून अंगावर येते, हा पहिला. बसवलेले चाक पुढे चालत्या रस्त्यावर निखळते, हा दुसरा. नागपूर-बैतूल महामार्गावर असे सुटलेले चाक समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेऊ शकते. म्हणून या कामाची योग्य रीत आम्ही येथे देत आहोत.

जॅक लावण्यापूर्वी

ट्रॉली रस्त्यापासून शक्य तितकी दूर, सपाट व कठीण जागी घ्यावी. रात्र असल्यास मागे पुरेशा अंतरावर दिवा किंवा चमकणारी पट्टी ठेवावी व एका माणसाने वाहनांकडे लक्ष द्यावे. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नये. दोन चाकांची ट्रॉली सोडली की तिचा तोल कोणत्याही बाजूला जाऊ शकतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा आणि जे चाक काढायचे नाही त्याच्या पुढे व मागे लाकडी गुटके ठोकावेत. भरलेली ट्रॉली असेल तर आधी माल उतरवावा. यात तासभर जातो खरा, पण घाई महागात पडते.

नट अर्धा फेरा ढिले करण्याचे काम चाक जमिनीवर असतानाच करावे. जॅकवर चढवलेल्या ट्रॉलीला पान्याचा हिसका बसला की ती सरकते. काही जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. तशी चाके ट्रॉलीला बसवलेली असल्यास नट कोणत्या बाजूने सुटतो ते आधी पाहावे, मगच जोर लावावा.

आपल्या काळ्या जमिनीत जॅक रुततो. त्याखाली जाड व रुंद लाकडी पाटी ठेवावी. जॅक एक्सलखाली लावावा, ट्रॉलीच्या पत्र्याखाली नाही. ट्रॉली उचलल्यावर एक्सलखाली मजबूत लाकडी ओंडके रचावेत. विटा रचू नयेत, त्या दाबाने एकदम फुटतात. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही ट्रॉलीखाली हात किंवा डोके घालू नये.

नट ढिले का होतात

पुष्कळांची समजूत अशी की चाक बोल्टांवर टांगलेले असते. खरे म्हणजे नट कसल्यावर बोल्ट किंचित ताणला जातो व स्प्रिंगप्रमाणे चाकाची डिस्क हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळेच चाक जागच्या जागी राहते. डिस्क व हब यांच्यामध्ये माती, गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला, तर पहिल्याच खेपेत तो दबतो. ताण कमी होतो, डिस्क हलू लागते, भोके लांबट होतात आणि शेवटी बोल्ट तुटतात. म्हणून दोन्ही पृष्ठे तारेच्या ब्रशाने साफ करावीत. नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण मग तेवढ्याच जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

कसण्याची रीत

सर्व नट प्रथम हाताने फिरवून बसवावेत, म्हणजे आटे वाकडे जात नाहीत. मग पान्याने हलकेच आवळावेत. एकामागून एक गोल क्रमाने आवळू नयेत, तर एक झाला की त्याच्या समोरचा घ्यावा. पाच नट असतील तर एक सोडून एक घ्यावा. चाक जमिनीला टेकवून याच क्रमाने दोन-तीन वेळा जोर वाढवत पूर्ण कसावेत.

जोर किती? अर्ध्या मीटरच्या पान्यावर ४० किलोचा भार दिला तर २० किलोग्रॅम-मीटर होतात. त्याच भाराने एक मीटर पाइप लावला तर ४०. पाइपवर उभे राहून उड्या मारल्याने नट पक्का होत नाही, बोल्ट मात्र कमकुवत होतो. ट्रॉली बनवणाऱ्याकडून तिचा आकडा विचारून घ्यावा व जमल्यास मोजमापाचा पाना वापरावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की काम येथे संपत नाही. भरलेली पहिली खेप १०-१५ किलोमीटर झाली की थांबून नट पुन्हा तपासावेत, आणि ५० ते ८० किलोमीटर चालल्यावर आणखी एकदा. कसून झाल्यावर नट व डिस्क यांवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला. नटाखालून गंजाचे ओघळ दिसणे हीही ढिलेपणाची खूण आहे. एक बोल्ट तुटला असेल तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनी त्याचा भार सोसलेला असतो, म्हणून तेही बदलावेत.

लॉक रिंगचा धोका

ट्रकच्या रिमला लोखंडी लॉक रिंग असते. हवा भरताना ती सुटली तर गोळ्यासारखी उडते आणि माणूस जागीच ठार होऊ शकतो. असे चाक खोलण्यापूर्वी व्हॉल्वची पिन काढून सर्व हवा सोडावी. हवा पिंजरा असलेल्या दुकानातच भरून घ्यावी व त्या वेळी समोर उभे राहू नये.

इजा झाल्यास

बोटे चेंगरल्यास अंगठी लगेच काढावी, कारण सूज आल्यावर ती निघत नाही. रक्त येत असल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. डिझेल, माती किंवा हळद भरू नये. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारावे. मोठी इजा असल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा. कंबर सांभाळण्यासाठी चाक उचलू नये. ते उभे लोटत न्यावे आणि पहारीच्या आधाराने बोल्टांवर चढवावे.

नवा ट्रॅक्टर आला की आपण धर्मगुरूंना बोलावून त्याला आशीर्वाद घेतो. २५ जुलै या दिवशी प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांचे स्मरण करतो. ते योग्यच आहे. परंतु रस्त्याने जाणारा दुसऱ्याचा मुलगाही देवाचेच लेकरू आहे, आणि पहिल्या खेपेनंतर पाच मिनिटे थांबून पाना फिरवणे ही त्याच्याविषयीची आपली जबाबदारी आहे. तेव्हा पाना घरी खुंटीला न टांगता ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवावा.