गणिताच्या वर्गातून लोकसभेत

जालना जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांत मुलगी शिकून शिक्षिका झाली की घराचे पांग फिटले, असे आपण मानतो. ते खरेही आहे. बाप सळ्यांच्या कारखान्यात, आई मोसंबीच्या बागेत रोजाने. अशा घरात महिन्याचा पगार येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण शिकवणाऱ्या बाईची वाट फळ्यापाशीच संपते काय? यासाठीच प्रा. वर्षाताई गायकवाड यांची वाटचाल आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वर्षाताई मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात गणित शिकवीत. पूज्य बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय १९४६ चे. याच सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच मिलिंद. मराठवाड्यातील गोरगरिबांची मुले तिथूनच पदवीधर झाली.

२००४ साली वडील एकनाथराव गायकवाड यांनी लोकसभा अध्यक्ष मनोहर जोशी यांचा पराभव केला. त्याच वर्षी ताई धारावीतून आमदार झाल्या आणि पुढे २००९, २०१४, २०१९ अशा सलग निवडून आल्या. २०१९ अखेर त्या शालेय शिक्षणमंत्री झाल्या. लगेच कोरोना आला, शाळांना कुलुपे लागली आणि २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द करावी लागली. ज्या घरात मोबाईल नव्हता, तिथल्या लेकरांचे नुकसान आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

२०२४ साली त्या मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून १६,५१४ मतांनी जिंकून लोकसभेत गेल्या. धारावीची जागा राखीव, ही मात्र खुली. आपल्या समाजाची बाई खुल्या जागेवरून दिल्लीला जाते, याचे मोल जालन्याच्या वाचकांना सांगायला नको. जालना लोकसभेची जागाही खुलीच आहे.

ताईंना घरातून राजकारणाचा वारसा मिळाला, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. भोकरदन-मंठ्याच्या लेकीला तो कुठून मिळणार? शिवाय जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही. राजीनामा द्यावा लागतो. जिथे एकाच पगारावर दहा तोंडे जेवतात, तिथे ही उडी कोण घेणार?

म्हणून आम्हाला वाटते, ही उडी एकटीने घ्यायची नसते. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदाच आहे. समितीच्या खुर्चीवर बसायला राजीनामा लागत नाही, वारसाही लागत नाही. आयाबहिणींनी समितीच्या सभेला जावे, वही उघडून हिशेब विचारावा. गावाचा कारभार समजलेल्या दहा बाया पाठीशी असल्या, तर उद्या एखाद्या बाईंना राजीनामा लिहिताना हात कापणार नाही.