रेड एल चाखताना: आवड वेगळी, पारख वेगळी

आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, कर्नलसाहेब, हे काय काढलंत? विषय आहे बिअरचा, आणि त्यातही रेड एल या प्रकाराचा. जे पीत नाहीत त्यांनी प्यावी असं मी मुळीच सुचवत नाही. मला बोलायचंय ते पारख कशी करावी याबद्दल.

मी पुण्याहून बी.एस्सी. करून 1983 साली मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये आलो. सेंट थॉमस माउंटजवळची ही संस्था 1963 साली सुरू झाली, आणि 1988 पासून ती अकादमी म्हणून ओळखली जाते. नोकरीभर देश फिरलो आणि निवृत्तीनंतर पुन्हा चेन्नईतच घर केलं. मेसमध्ये आमची बिअरची कसोटी एकच होती: थंडगार आहे ना? दात शिवशिवले की बिअर चांगली. चेन्नईच्या मे महिन्यात बऱ्याच जणांना ती अजूनही पुरते.

माझी समजूत बदलली ती भाचीमुळे. ती बंगळूरला एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवते. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "मामा, माझी पहिली रेड एल तयार होत आलीय. तू येऊन खरं काय ते सांग. इथे सगळे नुसतं छान छान म्हणतात." मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

आधी थोडी माहिती. बिअरची दोन मोठी घराणी, लागर आणि एल. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण 8 ते 13 अंशांवर, सावकाश काम करतं. एलचं यीस्ट 15 ते 22 अंशांच्या आसपास भराभर काम करतं आणि थोडा फळांसारखा वास देऊन जातं. आपल्याकडे बाटलीत मिळते ती बहुतेक लागर. ताज्या एलची ओळख मायक्रोब्रुअऱ्यांनी करून दिली. महाराष्ट्रात त्याची सुरुवात पुण्यात 2009 साली डूललीपासून झाली.

रेड एल मूळची आयर्लंडची. तिथल्या किल्केनी गावची स्मिथविक्स 1710 पासूनचं नाव सांगते. हिचा तांबूस रंग येतो धान्यातून. सातू भिजवून, मोड आणून वाळवला की माल्ट होतो. त्यात थोडं कॅरॅमल माल्ट घालतात आणि चिमूटभर, म्हणजे शेकडा दोन-तीन भाग, काळपट भाजलेला सातू. या भाजलेल्या सातूने तांबडी झाक येते आणि घोट संपताना जीभ कोरडी होते. फिल्टर कॉफी पिणाऱ्याला ही चव परकी वाटणार नाही, कारण दोन्हीकडे करामत भाजण्याचीच आहे. मद्यार्क चार ते पाच टक्के, कडवटपणा बेताचा.

आता परीक्षा. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेली बीजेसीपी नावाची परीक्षकांची संस्था आहे. तिच्या गुणपत्रिकेत 50 गुण असतात: वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण मताला 10. बघा, ज्या रंगावर आपण भाळतो त्याला तीनातलाच वाटा!

पेला स्वच्छ हवा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि दोष बिचाऱ्या बिअरवर येतो. बिअर 7 ते 10 अंशांवर असावी. बर्फगार केली की जीभ बधिर होते, मग गुणही कळत नाहीत आणि दोषही. ओतल्याबरोबर आधी वास घ्यायचा, कारण तो लवकर उडतो. मग रंग आणि फेस पाहायचा. मग छोटा घोट तोंडभर फिरवून गिळायचा आणि मागे काय उरतं याची वाट पाहायची. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा.

दोषांची ओळखही हवी. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. उकाड्यात साठवली तर हे फार लवकर होतं, चेन्नईकरांनी हे ध्यानात ठेवावं. उन्हात राहिली तर हॉप्स बिघडून उग्र दर्प येतो, म्हणून बाटल्या तपकिरी असतात. आणि लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटिल.

त्या दिवशी गाठ पडली ती याच लोण्याशी. भाचीने पेला पुढे ठेवला. सुंदर तांबडा रंग, वर साय धरल्यासारखा फेस. पहिला घोट घेतला आणि लहानपणची बटर टॉफी आठवली. मला बेहद्द आवडली. चाळीस गुण द्यायला पेन उचललंही होतं. तेवढ्यात पेला हातात जरा कोमट झाला आणि पुन्हा वास घेतला, तर थेट सिनेमागृहातले पॉपकॉर्न! जिभेवर तुपकट बुळबुळीतपणा, माल्ट कुठे सापडेना. या प्रकारात लोण्याचा अगदी पुसट वास चालतो, पण इथे त्याने सगळंच झाकून टाकलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. कारण ही चूक मी आधी एकदा केली होती. कमांडिंग ऑफिसर असताना एका हसतमुख, गोड स्वभावाच्या कॅप्टनचा वार्षिक गोपनीय अहवाल मी लिहिला. नकाशावाचनात तो कच्चा होता, तरी मी "उत्तम" लिहिलं. पुढे अवघड जागी त्याची नेमणूक झाली आणि तिथे त्याचे फार हाल झाले. मला तो आवडायचा, आणि तेवढ्यावर मी शेरा मारला. वेळीच खरं लिहिलं असतं तर तो शिकला असता.

म्हणून भाचीला सांगितलं, "मला आवडली, पण रेड एल म्हणून 27 गुण. लोणी फार आहे." ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मलाही तेच वाटत होतं रे मामा. पण मालकांनी शनिवार जाहीर केलाय आणि टाकीत पाचशे लिटर आहे."

तिने लगेच चाचणी केली. दोन छोटे नमुने घेतले, एक साठेक अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवून गार केला आणि दोन्हींचे वास ताडून पाहिले. गरम केलेल्यात लोणी आणखी वाढलेलं. म्हणजे ज्यापासून डायअॅसिटिल बनतं ते द्रव्य अजून शिल्लक होतं. यावर उपाय आहे. यीस्ट स्वतःच डायअॅसिटिल परत शोषून घेतं. त्याला थोडी ऊब आणि आणखी काही दिवस द्यावे लागतात, एवढंच. तशीच थंड करून विकली असती तर ती संधी गेली असती.

ती मालकाकडे गेली. तो चिडला, पण शनिवारी गव्हाची बिअर लावून वेळ निभावली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. पाव भाजल्याचा वास, काकवीसारखी हलकी गोडी, शेवट कोरडा. थोडी गढूळ होती. मी 36 दिले, आणि गढूळपणाबद्दल खाली शेरा लिहिला. तो कागद तिने टाकीच्या वर चिकटवून ठेवलाय.

तर मंडळी, उद्या सकाळच्या कॉफीवर हा प्रयोग करा. आधी वास, मग घोट, मग मागे उरणारी चव. कागदावर दोन रकाने आखा: "मला आवडली का?" आणि "जी असायला हवी ती आहे का?" दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर घाबरू नका, दोन्ही लिहा. आणि बिअर चाखणार असाल तर गाडीची किल्ली घरी ठेवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.