ओल असूनही पीक का सुकते?

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांमुळे कोल्हारच्या आसपासचा मुलूख बागायती झाला. पण खोल काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. जेथे निचऱ्याची सोय नव्हती तेथे भूजल वर आले, उन्हाने पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. लाभक्षेत्रातील काही जमिनी अशा खारवट झाल्या. अशा शेतात मातीत ओल असते, तरी पीक मलूल दिसते. असे का होते?

उत्तर मुळांच्या पेशीपटलात आहे. हे पटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे असते. जाडी मिलिमीटरच्या एक लाखांशाहूनही कमी. या थरातून पाणी फार हळू जाते आणि विद्युतभारित आयनांना तर जवळजवळ मज्जावच असतो. म्हणून पटलात प्रथिनांची दारे असतात.

पाण्याच्या दाराचे प्रथिन पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये मानवी रक्तपेशींत ओळखले. त्याबद्दल २००३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू जाऊ शकतात. वनस्पतींच्या मुळांतही ही दारे असतात. मात्र ती पाणी ओढून घेत नाहीत. पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाते. बाहेर क्षार वाढले की दार असूनही पाणी आत येत नाही.

दुसरे संकट सोडियमचे. पोटॅशियमशी साम्य असल्याने तो काही दारांतून आत शिरतो आणि साठला की विकरांचे काम बिघडवतो. त्याला घालवण्यासाठी एक प्रथिन एटीपीची ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर ढकलते. ते आयन दुसऱ्या प्रथिनातून परत येतात तेव्हा त्यांच्या बदल्यात सोडियम बाहेर जातो. तिसरे प्रथिन सोडियम रिक्तिकेत कोंडते. चौथे तो जलवाहिन्यांतून मुळातच काढून घेते आणि पाने वाचतात. हे चौथे प्रथिन बनवणारे जनुक ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी गव्हाच्या एका प्राचीन भाईबंदाकडून संकराने ड्युरम गव्हात आणले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खारवट शेतात त्याचे उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढले.

पण ही राखण फुकट होत नाही. एटीपी बनवायला मुळांना ऑक्सिजन लागतो. पाणथळ मातीत हवा नसते. एटीपी कमी पडतो, पंप मंदावतात आणि सोडियम आत साचतो. म्हणूनच केवळ जास्त पाणी देणे हा उपाय नव्हे. आधी चर खणून निचरा करावा लागतो. मग क्षार धुऊन जातात आणि मुळांना हवाही मिळते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. बटाट्याच्या सारख्या कापा साध्या आणि दाट मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवाव्यात. एक ताठ राहते, दुसरी लुळी पडते. मग उकडलेल्या बटाट्याच्या कापा घेऊन हेच करावे. आता तसाच फरक दिसतो का? नसेल, तर उकडताना पेशीपटलाचे काय झाले असावे, हे मुलांनाच सांगू द्यावे.